व्हिस्कीचे आस्वादन

व्हिस्कीचे आस्वादन म्हणजे व्हिस्की या मद्याचा रंग, गंध, चव आणि घोट गिळल्यानंतर मागे रेंगाळणारी रुची यांचे लक्षपूर्वक निरीक्षण करून त्यांची तुलना व वर्णन करण्याची पद्धत होय. व्यावसायिक मिश्रणकार हे काम कारखान्यातील नमुना-खोलीत करतात. स्कॉटलंडमध्ये रूढ झालेला आणि तेथून इतर देशांत पसरलेला या पद्धतीचा लोकप्रिय प्रकार मात्र सामूहिक आहे. त्यात मित्र, नातेवाईक किंवा एखाद्या मंडळाचे सदस्य एकत्र बसून साधारणपणे तीन ते सहा व्हिस्की अत्यल्प प्रमाणात चाखतात आणि आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने स्कॉच व्हिस्कीच्या अशा सामूहिक आस्वादनाचा परिचय करून दिला आहे.

आस्वादन आणि मद्यपान यांत हेतूचा व प्रमाणाचा फरक आहे. आस्वादनात नशा हे उद्दिष्ट नसते, उलट ती अडथळा ठरते. कारण मद्याचा अंमल वाढू लागला की गंध व चव यांतील सूक्ष्म भेद ओळखण्याची क्षमता मंदावते. म्हणूनच मितप्रमाण हा या पद्धतीवर बाहेरून लादलेला नियम नसून तिचा मूलाधार आहे.

नाव

'व्हिस्की' हा शब्द स्कॉटिश गेलिक भाषेतील 'उश्के बेहा' या शब्दसमूहापासून आला असून त्याचा अर्थ 'जीवनजल' असा होतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ऊर्ध्वपातित मद्याला याच अर्थाचे नाव होते व गेलिक शब्द हे त्याचेच भाषांतर मानले जाते. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीच्या एका घोटाला किंवा लहान पेल्याला 'ड्रॅम' म्हणतात. हे मूळचे औषधविक्रेत्यांचे वजनाचे माप. परंतु व्यवहारात ड्रॅमचे प्रमाण निश्चित नसते, ते ओतणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. पेला उंचावताना उच्चारले जाणारे 'स्लांजे वा' हे गेलिक शब्द 'उत्तम आरोग्य लाभो' अशा अर्थाचे आहेत.

इतिहास

स्कॉटलंडमधील मद्याच्या ऊर्ध्वपातनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १४९४ मधील राजकोषाच्या नोंदींत आढळतो. राजाज्ञेनुसार जॉन कॉर या धर्मबंधूस मद्य तयार करण्यासाठी माल्ट दिल्याची ती नोंद आहे. पुढील काही शतके व्हिस्की ही शेतघरांत, बहुधा करचुकवेगिरीने, तयार होणारी वस्तू होती. १८२३ च्या अबकारी कायद्याने परवानाधारक उत्पादन परवडणारे झाले आणि १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेट येथील जॉर्ज स्मिथ यांनी नव्या कायद्याखाली परवाना घेतला. १८३० मध्ये ईनिअस कॉफी यांनी अखंड ऊर्ध्वपातनाच्या स्तंभयंत्राचे एकस्व मिळवले. या यंत्रातून मिळणारे सौम्य धान्यमद्य आणि पारंपरिक तांब्याच्या भट्टीतील माल्ट व्हिस्की यांच्या मिश्रणावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिश्र व्हिस्कीचा मोठा व्यापार उभा राहिला.

मिश्र व्हिस्कीच्या काळात निरनिराळ्या आसवन्यांच्या, म्हणजे ऊर्ध्वपातन कारखान्यांच्या, माल्ट व्हिस्कींची स्वतंत्र ओळख सामान्य ग्राहकापर्यंत क्वचितच पोहोचत असे. 'ईनिअस मॅक्डॉनल्ड' या टोपणनावाने जॉर्ज माल्कम थॉमसन यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेले 'व्हिस्की' हे पुस्तक आणि कादंबरीकार नील गन यांचे १९३५ मधील 'व्हिस्की अँड स्कॉटलंड' हे पुस्तक यांनी माल्ट व्हिस्कीकडे रसिकतेने पाहण्याचा पाया घातला. नील गन हे स्वतः अबकारी खात्यात अधिकारी होते. १९६३ पासून ग्लेनफिडिक या आसवनीने आपली एकल माल्ट व्हिस्की स्कॉटलंडबाहेर हेतुपूर्वक विकण्यास प्रारंभ केला. १९८९ मध्ये मायकेल जॅक्सन (१९४२–२००७, प्रसिद्ध गायकाशी केवळ नामसाधर्म्य) या ब्रिटिश लेखकाचे 'माल्ट व्हिस्की कम्पॅनियन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रत्येक व्हिस्कीचे गंध, चव आणि शेवट अशा क्रमाने वर्णन करून शंभरांपैकी गुण देण्याची त्यातील रीत हौशी आस्वादकांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

मित्रमंडळातून उभी राहिलेली संस्था

सामूहिक आस्वादनाच्या इतिहासात 'स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी' या संस्थेला विशेष स्थान आहे. एडिनबरा येथील पिप हिल्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही मित्रांकडून वर्गणी गोळा करून ग्लेनफार्क्लस या आसवनीतून व्हिस्कीचे एक पिंप विकत घेतले आणि त्यातील व्हिस्की आपापसांत वाटून घेतली. बाजारातील बाटलीत व्हिस्की भरण्यापूर्वी तिच्यात पाणी मिसळून ती सौम्य केली जाते आणि बहुधा थंड करून गाळली जाते. पिंपातून थेट काढलेली व्हिस्की यापेक्षा बरीच वेगळी असल्याचे या मंडळींच्या लक्षात आले. भागीदार वाढत गेले आणि १९८३ मध्ये एडिनबराच्या लीथ या बंदर-उपनगरात संस्थेची रीतसर स्थापना झाली.

संस्थेच्या बाटलीवर आसवनीचे नाव नसते, केवळ क्रमांक असतो. क्रमांकाचा पहिला भाग आसवनीचा व दुसरा पिंपाचा असतो, '१.१' हा पहिला क्रमांक ग्लेनफार्क्लसच्या पिंपाचा होता. नावाचा दबदबा दूर ठेवून चवीवर लक्ष केंद्रित होणे, हा या योजनेचा एक परिणाम होय. कोणते पिंप स्वीकारायचे हे आस्वादकांचे एक मंडळ एकत्र बसून ठरवते.

वाटून घेण्याच्या प्रथा

व्हिस्की वाटून घेण्याच्या अनेक प्रथा स्कॉटिश समाजजीवनात आढळतात. 'क्वेख' हे दोन कानांचे उथळ पात्र मुळात लाकडाचे असे, पुढे ते चांदी व कथिल-मिश्रधातूचेही होऊ लागले. ते दोन्ही हातांनी धरून दिले व घेतले जाते. विवाहप्रसंगी वधू-वरांनी एकाच क्वेखमधून घोट घेण्याची प्रथा आजही प्रचलित आहे.

वर्षाच्या अखेरच्या दिवसाला स्कॉटलंडमध्ये 'हॉग्मने' म्हणतात. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरठा प्रथम ओलांडणारा पाहुणा कोळसा, गोड बिस्किटे किंवा केक आणि व्हिस्की घेऊन येणे शुभ मानले जाते. कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जन्मदिनी, २५ जानेवारीस, होणाऱ्या भोजनसमारंभात 'हॅगिस' या पारंपरिक पदार्थाचे स्वागत व्हिस्कीच्या पेल्याने केले जाते. बर्न्स (१७५९–१७९६) हे आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत अबकारी अधिकारी म्हणून नोकरी करत होते.

वाटपाची प्रत्येक प्रथा निरुपद्रवी होती असे मात्र नाही. अनेक आसवन्यांमध्ये कामगारांना कामाच्या वेळेत दररोज ठरावीक वेळा व्हिस्की किंवा नुकतेच ऊर्ध्वपातित झालेले तीव्र, रंगहीन मद्य दिले जाई. यंत्रांजवळील सुरक्षितता आणि मद्य पिऊन वाहन चालवण्याचा धोका लक्षात घेऊन ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद झाली.

आवश्यक साहित्य

आस्वादनासाठी मध्यभागी फुगीर व तोंडाशी निमुळता पेला वापरतात, कारण त्यात गंध साठून राहतो. शेरी या मद्यासाठी वापरला जाणारा देठाचा छोटा पेला या कामी पूर्वीपासून प्रचलित आहे. त्याच्या आकारावर आधारलेला, आखूड बुडाचा 'ग्लेनकेर्न' पेला २००१ मध्ये बाजारात आला. पेले नसल्यास निमुळत्या तोंडाचा कोणताही स्वच्छ, गंधरहित काचेचा पेला चालतो. सरळ भिंतीच्या रुंद पेल्यात गंध लवकर पसरून जातो.

याखेरीज साधे पाणी, पाण्याचे थेंब टाकण्यासाठी ड्रॉपर किंवा लहान चमचा, फिकी बिस्किटे, नोंदीसाठी कागद आणि थुंकण्यासाठी किंवा उरलेली व्हिस्की ओतण्यासाठी एक भांडे ठेवतात. या भांड्याचा उपयोग करणे अशिष्ट मानले जात नाही. खोलीत अत्तर, उदबत्ती, फोडणी किंवा तंबाखू यांचा वास नसावा, अशी काळजी घेतली जाते.

पद्धत

रंग : प्रथम पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहतात. ऊर्ध्वपातनानंतर व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते आणि तिला रंग येतो तो ओकच्या पिंपातून. पूर्वी अमेरिकन बर्बन व्हिस्की भरलेल्या पिंपातून सहसा फिकट सोनेरी, तर शेरी मुरलेल्या पिंपातून तांबूस रंग मिळतो. मात्र स्कॉच व्हिस्कीत साध्या कॅरॅमल रंगाचा वापर कायदेशीर असल्याने केवळ रंगावरून वय किंवा दर्जा ठरवता येत नाही.

गंध : आस्वादनाचा बहुतांश भाग गंधाने व्यापलेला असतो. पेला प्रथम नाकापासून थोडा दूर धरून हळूहळू जवळ आणतात व ओठ किंचित विलग ठेवतात. त्यामुळे मद्यार्काची झोंबणारी वाफ कमी जाणवते. वाइनप्रमाणे पेला जोराने फिरवल्यास मद्यार्काची वाफ एकदम वर येऊन इतर गंध झाकले जातात. नाक थकल्यास काही क्षण स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घेतात. परिचित वासामुळे घ्राणेंद्रिय पुन्हा सावध होते, असा आस्वादकांचा अनुभव आहे.

चव : अगदी लहान घोट घेऊन तो काही सेकंद जिभेवर घोळवतात. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्या मूळ चवीच ओळखते. आपण ज्याला 'स्वाद' म्हणतो त्याचा मोठा भाग तोंडातून घशामागच्या मार्गाने नाकापर्यंत पोहोचणाऱ्या गंधाचा असतो. घोट गिळल्यावर स्वाद किती वेळ व कशा रूपात टिकतो, त्यास 'शेवट' म्हणतात.

पाणी : दुसऱ्या फेरीत काही थेंब पाणी मिसळून पुन्हा गंध घेतात. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाचे ब्यॉर्न कार्लसन व रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिमानाच्या आधारे या क्रियेचे एक स्पष्टीकरण मांडले. धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू सौम्य द्रावणात पृष्ठभागाजवळ राहतो, तर मद्यार्काचे प्रमाण वाढल्यास तो द्रवात खोल जातो, असे त्यांना आढळले. व्यावसायिक मिश्रणकार नमुने सुमारे २० टक्के मद्यार्कापर्यंत सौम्य करून केवळ हुंगतात. बर्फाने तापमान उतरून गंधद्रव्यांचे बाष्पीभवन मंदावते, म्हणून आस्वादनात बर्फ टाळतात. जेवणाआधी आवडीने बर्फ घालून पिण्यास अर्थातच कोणतीही शास्त्रीय हरकत नाही.

क्रम : सौम्य व्हिस्की आधी व तीव्र नंतर, बिनधुराची आधी व धुरकट नंतर, असा क्रम ठेवतात. आयला बेटावरील अनेक व्हिस्कींसाठी माल्ट वाळवताना पीटचा धूर दिला जातो. पीट म्हणजे दलदलीत साचलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतिजन्य थर; तो वाळवून इंधन म्हणून वापरतात. अशा व्हिस्कीनंतर नाजूक व्हिस्कीचा गंध जवळजवळ कळेनासा होतो.

गंधांची भाषा

व्हिस्कीतील अनेक गंधांना निश्चित रासायनिक आधार आहे. किण्वनात तयार होणाऱ्या आयसोॲमिल ॲसिटेटमुळे पिकलेल्या केळ्याचा, ओकच्या लाकडातील लॅक्टोनमुळे नारळाचा व व्हॅनिलिनमुळे व्हॅनिलाचा, तर पीटच्या धुरातील फिनॉल गटातील द्रव्यांमुळे धुराचा किंवा औषधी वास येतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील संशोधकांनी या गंधांची वर्गवारी करून 'स्वादचक्र' तयार केले. आज प्रचलित असलेली अनेक चक्रे त्याचीच सुलभ रूपे आहेत.

द्रव्य एकच असले, तरी त्याला दिले जाणारे नाव आस्वादकाच्या स्मृतीतून येते. शेरी-पिंपातील व्हिस्कीत स्कॉटिश आस्वादकाला नाताळचा फळांचा केक आठवतो, तर मराठी आस्वादकाला तेथेच मनुका, खजूर किंवा काकवी आठवू शकते. धुरकट व्हिस्कीत एकाला समुद्रकाठची शेकोटी, तर दुसऱ्याला चुलीवरचे तापलेले पाणी जाणवते. यांपैकी एक वर्णन बरोबर व दुसरे चूक असे नसते. सामूहिक आस्वादनाचे वेगळेपण येथेच आहे. एकाने उच्चारलेल्या शब्दामुळे दुसऱ्याला तोवर निसटलेला गंध सापडतो आणि एकाच पेल्याचे अनेक पैलू उलगडतात. आजोबा व नातवंडे यांच्या गंधस्मृती भिन्न असल्याने, सज्ञान सदस्यांच्या कौटुंबिक बैठकीत हा फरक अधिक ठळकपणे दिसतो.

सूचनेचा प्रभाव व आंधळे आस्वादन

दुसऱ्याचा शब्द जसा साहाय्यक ठरतो, तसाच तो दिशाभूलही करू शकतो. फ्रान्समधील बोर्दो येथे झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळल्यावर वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग वाइनवरील असला, तरी डोळ्यांना दिसणारी माहिती नाकावर मात करते, हा त्याचा निष्कर्ष व्हिस्कीच्या बाबतीतही उद्बोधक आहे. महाग बाटली, प्रसिद्ध नाव किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीचे ठाम मत यांचाही असाच परिणाम होऊ शकतो.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला म्हणजे 'आंधळे आस्वादन' : बाटल्या कागदात गुंडाळून त्यांना केवळ क्रमांक देतात व नावे शेवटी उघड करतात. दुसरा उपाय अधिक सोपा आहे. प्रत्येकाने प्रथम मौन पाळून आपले निरीक्षण लिहायचे आणि सर्वांचे लिहून झाल्यावरच चर्चा सुरू करायची. चर्चेचा प्रारंभ सर्वांत नवख्या सदस्याने करावा, म्हणजे त्याच्या मतावर जाणकारांच्या मताचे दडपण येत नाही.

प्रमाण व यजमानाची जबाबदारी

एका व्हिस्कीसाठी प्रत्येकी सुमारे १० मिलिलिटर पुरेसे असतात. सहा जणांच्या बैठकीत एका बाटलीतून ६० मिलिलिटर व्हिस्की लागते. म्हणजे ७०० मिलिलिटरच्या बाटलीत अशा अकरा बैठका होऊ शकतात. पाच व्हिस्की चाखल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ५० मिलिलिटर येतात. भारतातील ३० मिलिलिटरच्या दोन लहान पेगांपेक्षा हे प्रमाण कमी आहे. ४० टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीत त्यातून सुमारे १६ ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. पिंपातून थेट काढलेली व्हिस्की ६० टक्क्यांच्या आसपास तीव्र असू शकते, म्हणून तिचे प्रमाण आणखी कमी ठेवतात.

महाग बाटली एकट्याने घेण्याऐवजी काही जणांनी वर्गणीतून घेऊन तिची छोट्या कुप्यांत वाटणी करण्याची रीतही आहे. अर्ध्याहून अधिक रिकाम्या बाटलीतील हवेमुळे व्हिस्कीचा गंध काही महिन्यांत फिका पडू लागतो, त्यामुळे वाटून संपवणे हे जपून ठेवण्यापेक्षा बहुधा श्रेयस्कर ठरते.

मराठी पंगतीत यजमानाने आग्रह करणे हे आदरातिथ्याचे लक्षण मानले जाते. आस्वादनाच्या बैठकीत मात्र आग्रहाला स्थान नाही. पेला पालथा घालणाऱ्याला कारण विचारले जात नाही, कारण ते आजारपणाचे, औषधोपचाराचे, गर्भारपणाचे, श्रद्धेचे किंवा प्रयत्नपूर्वक सोडलेल्या व्यसनाचे असू शकते. न पिणारी व्यक्ती इच्छा असल्यास केवळ गंध घेऊन बैठकीत पूर्ण सहभागी होऊ शकते. मात्र व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीसाठी हा गंधदेखील धोक्याचा ठरू शकतो. घरात अशी व्यक्ती असल्यास तेथे बैठक न घेणे उचित होय.

आरोग्य व कायदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. आस्वादनातील अल्प प्रमाणामुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये आठवड्याला १४ एकक ही मर्यादा सुचवली; ४० टक्क्यांची २५ मिलिलिटर व्हिस्की म्हणजे एक एकक होय. खुद्द स्कॉटलंडने मद्यसेवनामुळे होणारी हानी रोखण्यासाठी २०१४ मध्ये वाहनचालकांसाठी रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आणली आणि २०१८ पासून मद्याची किमान किंमत कायद्याने ठरवली. भारतात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. बैठकीनंतर वाहन न चालवणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व सेवन करण्यास परवाना आवश्यक असून व्हिस्कीसारख्या तीव्र मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे. वर्धा व गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. गोव्यात वयोमर्यादा १८ वर्षे आहे. गुजरात व बिहार या राज्यांत दारूबंदी लागू आहे. हे नियम घरगुती बैठकीसही लागू होतात.

भारतीय व्हिस्की व आस्वादन

भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मद्यांत उसाच्या मळीपासून केलेल्या मद्यार्काचा वापर होतो. अशा मद्याला युरोपीय संघात व्हिस्की हे नाव वापरता येत नाही. स्कॉच व्हिस्की धान्यापासून तयार केलेली, किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात स्कॉटलंडमध्येच मुरवलेली आणि किमान ४० टक्के मद्यार्काची असावी लागते. सातूच्या माल्टपासून तयार केलेल्या भारतीय एकल माल्ट व्हिस्कीला जागतिक ओळख मिळाली ती बंगळूरच्या 'अमृत'मुळे. ती २००४ मध्ये ग्लासगो येथे प्रथम सादर झाली. गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी 'पॉल जॉन' ही एकल माल्ट २०१२ मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये विक्रीस आली.

पिंपात मुरताना व्हिस्कीचा काही भाग हवेत उडून जातो. त्यास 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के, तर बंगळूरच्या उष्ण हवामानात दहा टक्के किंवा त्याहून अधिक असतो. उष्णतेमुळे लाकडाचा परिणामही लवकर होतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांची भारतीय माल्ट आणि बारा वर्षांची स्कॉच शेजारी शेजारी ठेवून, नावे झाकून चाखणे हा आस्वादकांच्या आवडीचा तुलनेचा विषय आहे. बाटलीवरील वयाचा आकडा मोठा म्हणजे व्हिस्की सरस, ही समजूत अशा तुलनेत पुष्कळदा टिकत नाही.